आधी आणि नंतर : एका छोट्या भाषेचा इतिहास

मराठीत 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द इतके घरगुती आहेत की त्यांचेही काही शास्त्र असू शकेल, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. गुरुत्वाकर्षणाचे शास्त्र असावे, विजेचे असावे. पण 'हे आधी, ते नंतर' एवढ्याने जे सांगता येते त्याचे शास्त्र ते कसले? तरीही १८९५ पासून पुढे शंभराहून अधिक वर्षे काही अत्यंत कुशाग्र माणसांनी या दोन शब्दांभोवती आपली बुद्धी खर्च केली. माणसाला निःशंकपणे काय जाणता येते आणि ते निःशंकपण कोठे संपते, याची सीमारेषा त्यांना या एवढ्याशा भाषेत जितकी स्वच्छ आखता आली तितकी ती फार थोड्या ठिकाणी आखली गेली असेल. ती हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सरकारी नोकरीतील वाचकांस 'रेषीय क्रम' म्हणजे काय हे फार फोड करून सांगावयास नको. सेवाज्येष्ठतेची यादी हा त्याचा उत्तम नमुना होय. कोणीही स्वतःहून ज्येष्ठ नसतो. पहिला दुसऱ्याहून ज्येष्ठ आणि दुसरा तिसऱ्याहून ज्येष्ठ असेल, तर पहिला तिसऱ्याहून ज्येष्ठ असलाच पाहिजे. आणि यादीतील कोणतीही दोन नावे घेतली तरी त्यांतले एक वर व एक खाली असतेच. या तीन अटी जेथे पाळल्या जातात तेथे रेषीय क्रम आहे असे गणिती म्हणतात. (तिसऱ्या अटीपायी किती अर्ज वरपर्यंत जातात हे वाचक जाणतातच, गणितात मात्र ती विनातक्रार पाळली जाते.) ज्येष्ठतेच्या यादीत लागोपाठच्या दोन नावांमध्ये तिसरे नाव नसते. अशा क्रमास 'विविक्त' म्हणावे. याच्या उलट, कोणत्याही दोहोंमध्ये नेहमीच तिसरा सापडतो असाही क्रम असू शकतो. अपूर्णांकांचा, म्हणजे परिमेय संख्यांचा, क्रम तसा आहे: एक-द्वितीयांश आणि दोन-तृतीयांश यांच्या मध्ये सात-द्वादशांश आहेच, आणि ही मधली घुसखोरी कधीच संपत नाही. अशा क्रमास 'सघन' म्हणू.

आता प्रश्न असे. 'आधी', 'नंतर', 'असा कोणी आहे की', 'प्रत्येक', 'नाही', 'आणि' एवढेच शब्द वापरून क्रमाविषयी जी जी विधाने करता येतील, त्यांतील खरी तेवढी सर्व विधाने मूठभर गृहीतकांतून सिद्ध होतात काय? होत असतील तर ते शास्त्र 'पूर्ण' होय. दुसरा प्रश्न: कोणतेही विधान पुढे ठेवले असता ते खरे की खोटे हे प्रतिभेच्या साहाय्यावाचून, निव्वळ नियमाने पावले टाकीत, ठरवून देणारी एखादी रीत आहे काय? असेल तर ते शास्त्र 'निर्णेय' होय. पूर्णता आणि निर्णेयता ही दोन नावे या लेखात पुन्हा पुन्हा येतील. त्यांचा परस्परसंबंधही येथेच सांगून टाकतो. शास्त्र पूर्ण असेल आणि त्याची गृहीतके स्पष्ट लिहून दिलेली असतील, तर ते निर्णेय असतेच. सर्व शक्य सिद्धता एकामागून एक लिहीत बसावे. आज ना उद्या दिलेले विधान तरी सिद्ध होईल, नाही तर त्याचे खंडन तरी. त्यास किती वेळ लागेल हा प्रश्न वेगळा, आणि तो पुढे येणारच आहे.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील हाले या विद्यापीठनगरीत होतो. तेथील प्राध्यापक गेओर्ग कँटर यांनी १८९५ मध्ये अनंताविषयीच्या आपल्या संशोधनाची शेवटची मोठी मांडणी प्रसिद्ध करावयास आरंभ केला. तीत एक प्रमेय आहे: जो क्रम सघन आहे, ज्याला पहिले वा शेवटचे टोक नाही, आणि ज्यातील घटकांची एक, दोन, तीन अशी नोंद करीत जाता येते, त्या प्रत्येक क्रमाची घडण परिमेय संख्यांच्या क्रमासारखीच असते. नावे निराळी, घडण एकच. त्याच ठिकाणी कँटर यांनी संपूर्ण वास्तव संख्यारेषेचीही ओळख केवळ क्रमाच्या शब्दांत करून दिली. परिमेय संख्यांच्या रांगेत छिद्रे असतात. दोनाच्या वर्गमुळाच्या जागी एकही अपूर्णांक नाही; त्याच्या अलीकडचे सगळे एका बाजूस, पलीकडचे सगळे दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये कोणीच नाही. वास्तव रेषेवर अशी छिद्रे नसतात. ती सलग असते. हा छिद्रांचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

कँटर यांना घडणीत रस होता, भाषेत नव्हता. भाषेचा प्रश्न तीस वर्षांनी पुढे आला. सी. एच. लँगफर्ड या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९२६-२७ च्या सुमारास 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध केले आणि सघन क्रमाचे शास्त्र पूर्ण आहे हे दाखविले. (टोके दोन्ही असोत, एकच असो किंवा एकही नसो, हे चारही प्रकार त्यांनी हाताळले आणि विविक्त क्रमाचाही एक प्रकार घेतला.) त्यांची युक्ती इतकी साधी आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 'या दोघांच्या मध्ये कोणीतरी आहे' असे विधान घ्या. सघन क्रमात दोहोंच्या मध्ये नेहमीच कोणीतरी असते. तेव्हा या विधानाच्या जागी 'पहिला दुसऱ्याच्या आधी आहे' एवढेच लिहिले तरी चालते. 'याच्या नंतर कोणीतरी आहे' हे तर, शेवटचे टोक नसल्यामुळे, सदाच खरे. ते खोडूनच टाकावे. अशा रीतीने विधानातील 'असा कोणी आहे की' हे शब्द आतून बाहेर एकेक करून काढीत गेले की अखेरीस हाती 'खरे' किंवा 'खोटे' एवढेच उरते. यात कोठेही हुशारीची गरज पडत नाही. दक्ष कारकुनाने करावे असे हे काम आहे, आणि आम्ही हे गौरवाने म्हणत आहोत.

पोलंडमधील वॉर्सा येथे आल्फ्रेड तार्स्की यांनी त्याच सुमारास ही युक्ती आपल्या अभ्यासवर्गात घेतली आणि ती शक्य तेथवर ताणून पाहिली. त्यांचा विद्यार्थी मोजेश प्रेस्बुर्गर याने १९२९ मध्ये पूर्ण संख्यांच्या निव्वळ बेरजेचे शास्त्रही पूर्ण व निर्णेय असल्याचे सिद्ध केले. हा तरुण पुढे ज्यूंच्या संहारात बळी पडला. त्याच्या नावावर कायम राहिला तो मुख्यतः हाच एक निबंध. १९३१ मध्ये मात्र व्हिएन्नात कुर्ट ग्यडेल यांनी दाखवून दिले की बेरजेला गुणाकाराची जोड मिळताच पूर्णतेची आशा कायमची सोडावी लागते. १९३६ मध्ये अलोन्झो चर्च आणि अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केले की सर्वसाधारण तर्कशास्त्राला निर्णयाची अशी कोणतीही यांत्रिक रीत असूच शकत नाही. पुढे असेही आढळले की कोणताही बंध नसलेला एकच द्विपदी संबंध भाषेत घेतला तरी निर्णेयता जाते. त्या पडझडीत 'आधी' हा संबंध मात्र टिकून राहिला. १९५९ मध्ये अंद्रेय एरेनफॉइख्ट यांनी जाहीर केले की सघन असोत, विविक्त असोत वा मिश्र, सर्व रेषीय क्रमांना समान असणारे मूलभूत शास्त्रही निर्णेय आहे. त्याची सिद्धता लॉइख्ली आणि लेनर्ड यांनी १९६६ मध्ये छापली.

या यशाची किंमत काय होती? किंमत अशी की ही भाषा फार थोडे बोलते. लँगफर्ड यांच्या निष्कर्षाचीच दुसरी बाजू पाहा. परिमेय संख्या आणि वास्तव संख्या, दोन्ही क्रम सघन आणि बिनटोकांचे. त्या शास्त्राची गृहीतके पूर्ण आहेत, म्हणून एकात जे खरे तेच दुसऱ्यात खरे. म्हणजे एका रेषेत पदोपदी छिद्रे आहेत आणि दुसरीत एकही नाही, हा एवढा मोठा भेद त्या भाषेत उच्चारताच येत नाही. निर्णय बिनचूक मिळतो खरा, परंतु ज्याविषयी निर्णय हवा तोच मुद्दा कित्येकदा टिपणात उतरलेला नसतो.

येथून कथा दक्षिण गोलार्धात जाते. ज्या प्रश्नासाठी ती तिकडे जाते तो गणिताचा नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपास डायोडोरस क्रोनस नावाचा एक ग्रीक नैयायिक होऊन गेला. सभेत टाकलेले एक कोडे न सुटल्याच्या लज्जेने त्याने प्राण सोडला अशी आख्यायिका आहे. त्याचे म्हणणे होते: जे आहे किंवा पुढे होणार आहे, तेवढेच 'शक्य' होय. जे कधीच घडणार नाही ते शक्य होते असे म्हणण्यास अर्थ नाही. त्याने यासाठी रचलेला युक्तिवाद 'श्रेष्ठ युक्तिवाद' या नावाने प्राचीन काळी गाजला. त्याचे टप्पे आपल्यापर्यंत पुरतेपणी पोचलेले नाहीत. यात पणास लागलेली वस्तू लहान नाही. डायोडोरसचे म्हणणे खरे मानले तर जो मार्ग आपण चोखाळला नाही तो चोखाळता आला असता, हे बोलणेच व्यर्थ ठरते, आणि पश्चात्तापालाही जागा उरत नाही.

न्यूझीलंडमधील मास्टरटन येथे १९१४ मध्ये जन्मलेले आर्थर नॉर्मन प्रायर यांना हा प्रश्न लहानपणापासूनच्या धार्मिक संस्कारांमुळे जिव्हाळ्याचा वाटे. तारुण्यात ते प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्रात मुरलेले होते, आणि ईश्वराने सर्व आधीच ठरविले असेल तर मनुष्याचे स्वातंत्र्य ते कोणते, ही त्या पंथाची जुनी बोच. ओटागो विद्यापीठात त्यांना तत्त्वज्ञान शिकविणारे जे. एन. फिंडले यांनी १९४१ च्या एका निबंधाच्या तळटीपेत सहज सुचविले होते की आपल्या बोलण्यातील काळांचे नियम इतके घोटीव आहेत की त्यांतून एक रीतसर गणित उभे राहू शकेल. बारा वर्षे ती तळटीप तशीच पडून होती. १९५३ मध्ये केव्हातरी एका रात्री प्रायर यांनी पत्नीला जागे करून ती वाचून दाखविली आणि असे तर्कशास्त्र आपण उभारू शकू असे सांगितले, अशी आठवण त्यांच्या पत्नीने नमूद केली आहे. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९५४ मध्ये, वेलिंग्टन येथील तत्त्वज्ञान परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी त्याची पहिली मांडणी केली.

कल्पना अशी. 'आधी' आणि 'नंतर' या शब्दांनी आपण घटनांकडे बाहेरून, नकाशाकडे पाहावे तसे पाहतो. पण बोलणारा मनुष्य काळाच्या आत उभा असतो. तो म्हणतो: झाले होते, होईल, आजवर सतत होते, यापुढे सतत असेल. प्रायर यांनी या चार क्रियारूपांची चार चिन्हे केली, ती कोणत्याही वाक्यास जोडता येतील आणि एकमेकांसही जोडता येतील अशी व्यवस्था केली. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 'उद्या दहापर्यंत गाडी सुटलेली असेल' या वाक्यात भविष्याच्या पोटात भूत आहे, आणि 'तो येणार होता' यात भूताच्या पोटात भविष्य. आमच्या क्रियापदांत हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. प्रायर यांनी ते कागदावर आणले.

त्याबरोबर एक सुंदर गोष्ट उघडकीस आली: काळाच्या आकाराविषयीची मते या चिन्हांच्या साध्या नियमांत उतरतात. 'जे होणार आहे ते, होणार असे होणार आहे' हा नियम म्हणजे काळ सघन असल्याची ग्वाही, कारण आताचा क्षण आणि ती घटना यांच्या मध्ये आणखी एक क्षण असेल तरच तो खरा ठरतो. 'दोन गोष्टी होणार असतील, तर त्या एकदम होतील, किंवा पहिली होऊन मग दुसरी, किंवा दुसरी होऊन मग पहिली' हा नियम म्हणजे पुढचा काळ एकाच रेषेत असल्याची ग्वाही. तत्त्वज्ञांनी शतकानुशतके घातलेल्या वादांचे असे नेमके, तपासण्याजोगे रूप पाहून आम्हांस तरी मोठे समाधान वाटते.

डायोडोरसच्या 'शक्य' या कल्पनेचे तर्कशास्त्र कोणते, हे शोधण्यास प्रायर यांनी या साधनाचा उपयोग केला. त्यांनी काळ हा क्षणांची रांग, एकामागून एक, असा कल्पिला, आणि आपले अनुमान मांडले की ते तर्कशास्त्र म्हणजे एस-४ ही पद्धती असावी. एस-४ ही लुईस यांची रचना. ती लुईस आणि लँगफर्ड, तेच आमचे पूर्वपरिचित लँगफर्ड, यांच्या १९३२ च्या ग्रंथात आहे. ऑक्सफर्ड येथे १९५६ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून १९५७ मध्ये 'टाइम अँड मोडॅलिटी' हे प्रायर यांचे पुस्तक निघाले आणि त्यावर पत्रांचा ओघ सुरू झाला. ते अनुमान अपुरे ठरले. एस-४ मध्ये काळ एकाच रेषेत असण्याची वर सांगितलेली ग्वाही येत नाही हे हिंटिका इत्यादींनी दाखविले; ती घालून एस-४.३ ही पद्धती झाली. तीही पुरेना, क्षण सुटे सुटे आहेत हे सांगणारे आणखी एक सूत्र डमेट यांनी पुढे आणले. अखेर ते सूत्र घातल्यावर पद्धती पूर्ण होते, याची सिद्धता आर. ए. बुल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. प्रायर यांनी हा सगळा पत्रव्यवहार आपल्या १९६७ च्या ग्रंथात प्रत्येकाचे श्रेय ज्याचे त्यास देऊन नोंदविला आहे, आणि ती नोंद वाचताना विद्येचा व्यवहार कसा असावा याचा पाठ मिळतो.

त्या पत्रांत एक पत्र अमेरिकेतील ओमाहा या गावाहून आलेले होते. तारीख ३ सप्टेंबर १९५८. लिहिणाऱ्या सॉल क्रिपके याचे वय सतरा. त्याने लिहिले की भविष्य अनिश्चित मानावयाचे असेल तर काळ एका रेषेत मांडणेच योग्य नव्हे. आताचा क्षण बुंधा समजावा आणि संभाव्य भविष्ये त्याला फुटलेल्या फांद्या. आपला ज्या गोष्टीवर मनापासून विश्वास होता तीच, म्हणजे मनुष्याचे स्वातंत्र्य, कशी चितारावी हे प्रायर यांना एका शाळकरी वयाच्या मुलाने सांगितले. त्यांनी ते मानले आणि पुढे त्या कल्पनेचा मोठा विस्तार केला. रेषीय काळाचा अभ्यास मात्र त्यांनी सोडला नाही. ज्यावर आपला विश्वास नाही त्या मताचेही शास्त्र निर्दोष मांडून द्यावे, हा त्यांचा बाणा होता.

आता छिद्रांकडे परत येऊ. लँगफर्ड यांच्या भाषेला जो भेद उच्चारता येत नव्हता तो प्रायर यांच्या एवढ्याशा भाषेला उच्चारता येतो. कसा, ते पाहा. समजा, एक दिवा आहे. दोनाच्या वर्गमुळाच्या अलीकडे तो सतत विझलेला आणि पलीकडे सतत जळता आहे. काळ परिमेय संख्यांचा असेल तर वर्गमुळाच्या जागी क्षणच नाही. तेव्हा 'यापुढे दिवा सतत जळेल' हे ज्या ज्या क्षणी म्हणता येते, त्या प्रत्येक क्षणाच्या थोडे आधीही ते म्हणता आले असते. आणि तरीही दिवा आजवर सतत जळत नव्हता. म्हणजे दिवा लागला, पण कोणत्या क्षणी तो टप्पा ओलांडला गेला हे सांगता येत नाही, कारण तसा क्षणच नाही. वास्तव रेषेवर असे होऊ शकत नाही. तेथे सीमेचा क्षण हजर असतो, आणि 'यापुढे दिवा सतत जळेल' हे वाक्य त्याच्या आधी एकदाही खरे नसते. म्हणून 'हे वाक्य जेव्हा जेव्हा खरे असते तेव्हा ते त्याआधीही खरे होते, असे कायमच असेल, आणि आता ते खरे असेल, तर दिवा आजवर सतत जळत आला आहे' हा नियम सलग काळात सदा खरा, आणि सच्छिद्र काळात कधी कधी खोटा. यातले मर्म दिव्यात आहे. दिवा कोठे जळतो आणि कोठे नाही, हे आपण वाटेल तसे ठरवू शकतो. म्हणजे नियम बोलताना आपण नकळत क्षणांच्या सर्व समूहांविषयी बोलत असतो. लँगफर्ड यांची भाषा एकेका क्षणाविषयी बोलते, समूहांविषयी नाही.

प्रायर १९६५ मध्ये काही महिने लॉस एंजेलिस येथे शिकवीत होते. तेथे हान्स कॅम्प नावाचा एक डच विद्यार्थी होता. त्याने १९६८ च्या आपल्या प्रबंधात दाखविले की प्रायर यांची चार चिन्हे कमी पडतात, पण त्यांच्या जागी दोनच शब्द घेतले तर सलग काळात एखाद्या क्षणी काय काय घडते आहे याविषयी लँगफर्ड यांच्या धाटणीच्या भाषेत जे जे म्हणता येईल ते ते सर्व म्हणता येते. ते दोन शब्द आमच्याकडे शब्दयोगी अव्यये म्हणून शाळेत शिकवितात: 'पासून' आणि 'पर्यंत'. परिमेय संख्यांसारख्या सच्छिद्र काळाला हे दोनही पुरत नाहीत. त्यासाठी स्टावी यांनी पुढे आणखी दोन जोडले. प्रायर यांना हा विस्तार फार काळ पाहावयास मिळाला नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते वारले.

समूहांविषयी मोकळेपणाने बोलू दिले तर निर्णेयतेचे काय होते, हा आता खरा प्रश्न होता. पहिले उत्तर स्विस गणिती ब्यूखी यांनी १९६२ मध्ये दिले. नैसर्गिक संख्यांची एक, दोन, तीन ही रांग घ्यावी आणि समूहांविषयीची सर्व वाक्ये तीत येऊ द्यावी. तरीही निर्णय करता येतो. त्यांचे साधन एक काल्पनिक यंत्र होते. त्यास मर्यादित आठवण असते. ते अनंत लांब नोंदवही पानामागून पान वाचीत जाते आणि प्रत्येक पानानंतर आपला एखादा ठरावीक शेरा तेवढा लक्षात ठेवते. कोणता शेरा अनंत वेळा परत येतो, एवढ्यावर निकाल. मायकेल रेबिन यांनी १९६९ मध्ये हेच यंत्र प्रत्येक सांध्यावर दुभागणाऱ्या अनंत वृक्षावर चढविले, आणि त्यातून परिमेय संख्यांच्या क्रमाचे समूहांसहित शास्त्रही निर्णेय ठरले. वास्तव रेषेचेही अर्धे काम त्यांनी केले: बोलणे 'बंद' समूहांपुरते, म्हणजे आपले सीमाबिंदू आपल्यातच राखणाऱ्या समूहांपुरते, मर्यादित ठेवले तर तेथेही निर्णय होतो.

वाटेल तशा समूहांविषयी बोलू दिले तर? हा निकाल १९७५ मध्ये यरुशलेमच्या सहरोन शेलाह यांनी 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' मध्येच दिला, आणि तो नकारार्थी होता. वास्तव रेषेचे समूहांसहित शास्त्र निर्णेय नाही. तशी यांत्रिक रीत असणेच अशक्य. त्यांनी या सिद्धतेत जे गृहीत धरले होते ते कँटर यांचेच जुने अनुमान: वास्तव संख्या आणि नैसर्गिक संख्या यांच्या मध्ये मोठेपणाची तिसरी पायरी नाही. हे अनुमान प्रचलित गृहीतकांवरून सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, हे तोवर ग्यडेल आणि पॉल कोहेन यांच्या कामावरून ठाऊक झालेले होते. म्हणून शेलाह यांच्या निकालावर एक टांगती अट राहिली. १९८२ मध्ये त्यांनी यूरी गुरेविच यांच्याबरोबर ती अटही काढून टाकली. सच्छिद्र रेषा निर्णेय आणि अच्छिद्र रेषा अनिर्णेय, हा निष्कर्ष प्रथम वाचला तेव्हा तो उलटा छापला गेला असावा असे आम्हांस वाटले होते. पण कारण विचार करण्याजोगे आहे. परिमेय संख्यांची एकामागून एक नोंद करता येते. वास्तव संख्यांची येत नाही, आणि त्यांचे समूह इतके स्वैर असू शकतात की त्यांत अंकगणिताची सारी अवघड कोडी दडविता येतात.

निर्णेयतेच्या नावाने हुरळून जाणाऱ्यांसाठी एक इशारा याच दशकात मिळाला होता. ब्यूखी यांची रीत निश्चित निकाल देते, पण त्यास लागणारा वेळ विधानाच्या लांबीबरोबर कोणत्याही ठरावीक उंचीच्या घातांकमनोऱ्यात न मावण्याइतका वाढतो, आणि यावर कोणत्याही रीतीने मात करता येणार नाही, असे अल्बर्ट मायर यांनी सिद्ध केले. कागद निकालात निघणार हे नक्की; केव्हा, हे विचारू नये. याउलट 'पर्यंत' सारखी थोडीच चिन्हे वापरणारी भाषा बरीच काटकसरीची निघाली. १९७७ मध्ये आमीर प्नुएली यांनी दाखविले की अखंड चालणारा संगणक-कार्यक्रम आपले काम नीट करतो की नाही, हे तपासण्यास प्रायर यांच्या काळवाचक चिन्हांसारखे साधन नाही: 'मागणी केली की केव्हातरी पूर्तता होईल', 'दोघे एकाच वेळी आत शिरणार नाहीत'. पश्चात्तापाच्या आणि दैवाच्या प्रश्नातून निघालेली चिन्हे अशा रीतीने यंत्रांच्या तपासणीस लागली, आणि त्याबद्दल प्नुएली यांना १९९६ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

वास्तव रेषेवरील 'पासून' आणि 'पर्यंत' यांचा निर्णय तेवढा राहिला होता. शेलाह यांच्या निकालानंतर तेथे आशा ठेवावी की नाही हे स्पष्ट नव्हते, कारण दिव्याच्या दाखल्यात पाहिल्याप्रमाणे या भाषेतही समूह मागील दाराने येतात. १९८५ मध्ये जॉन बर्जेस आणि तेच गुरेविच यांनी सिद्ध केले की या दोन शब्दांपुरते बोलणे ठेवले तर सलग काळाचे तर्कशास्त्र निर्णेय आहे. मार्क रेनल्ड्स यांनी १९९२ मध्ये त्याची गृहीतके मांडून ती पूर्ण असल्याचे दाखविले. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला पर्थ येथे काम करीत असताना त्यांनीच २०१० मध्ये असेही दाखविले की त्या निर्णयास लागणारी कागदाची जागा विधानाच्या लांबीच्या मानाने बेतातच वाढते. एक, दोन, तीन असे सुटे क्षण मोजणाऱ्या काळासाठी ज्या प्रतीची जागा लागते, त्याच प्रतीची.